टायरची रुंदी, टायरची नक्षी आणि माळव्याची माती

विजेवर चालणारी माउंटन सायकल घ्यायला निघालेला माणूस मोटर किती वॅटची, बॅटरी केवढी आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, हे तीन प्रश्न हमखास विचारतो. टायर मात्र तो नुसता डोळ्यांनी पारखतो, आणि त्यांत जो सर्वांत जाड व दांडगा दिसेल तोच त्याला सर्वांत भरवशाचा वाटतो. मोटर आहे, तेव्हा जाड टायर ओढायला काही अडचण नाही, असा हिशेब त्यामागे असतो. इंदूरच्या रस्त्यांवर अशा सायकली आता बऱ्याच दिसतात आणि रविवारी सकाळी त्यांतल्या काही खंडवा रोडने सिमरोल-चोरलकडे किंवा महूच्या पुढे जानापावकडे वळतात. तिथे गेल्यावर हा हिशेब अर्धाच बरोबर होता हे कळते, कारण सायकलस्वार, चोवीस-पंचवीस किलोची सायकल आणि मोटरचा जोर हे सगळे जमिनीपर्यंत पोचते ते तळहाताच्या निम्म्याहूनही लहान अशा रबराच्या दोन ठशांतून.

टायरच्या बाजूवर ६१-५८४ असा आकडा कोरलेला असतो. त्यांतला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा, टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. हाच टायर दुकानात २७.५ बाय २.४ म्हणून मिळतो. २९ इंची चाकासाठी दुसरा आकडा ६२२ असतो आणि जुन्या २६ इंची चाकासाठी ५५९. इंचांचे आकडे बरेचसे रूढीने चालत आलेले आहेत, तेव्हा खरेदी करताना मिलिमीटरवर विश्वास ठेवावा.

आता त्या ठशाकडे जरा जवळून पाहू. स्वाराचे ७५ किलो आणि सायकलचे २५, असे एकूण १०० किलो धरले आणि त्यांतले ६० किलो मागच्या चाकावर येतात असे मानले, तर ते चाक जमिनीवर सुमारे ५९० न्यूटन बलाने दाबले जाते. हा भार मुख्यतः आतली हवा पेलते, म्हणून भाराला हवेच्या दाबाने भागले की ठशाचे क्षेत्रफळ अंदाजे मिळते. ४० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला ४० पौंड) दाबाला ते २१ चौरस सेंटिमीटर येते आणि २५ पीएसआयला ३४. रामबागेतल्या आमच्या घराच्या फरशीवर मी हे एकदा करून पाहिले. अंगणात रांगोळीखाली लावतात तो गेरू घट्ट कालवून मागच्या टायरच्या एका भागावर फासला, खाली आलेखाचा कागद ठेवला, चाक अलगद टेकवले आणि भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसलो. ४० पीएसआयला कागदावर टायरच्या नक्षीतल्या मधल्या दोन ओळींचे काही ठोकळे, म्हणजे रबराचे उंचवटे, तेवढे उमटले. हवा २५ वर आणल्यावर ठसा लांब झाला आणि त्याच्या दोन्ही कडांना बाजूच्या ठोकळ्यांच्या कडाही दिसू लागल्या. आलेखाच्या कागदावरचे गेरू लागलेले चौकोन मोजले, तर क्षेत्रफळ गणितापेक्षा बरेच कमी भरते, आणि त्यात चूक काही नाही. फरशी कडक असल्यामुळे तिला ठोकळ्यांचे माथेच टेकतात आणि मधल्या चरा कोऱ्या राहतात. सगळा भार त्या थोड्या माथ्यांवर एकवटतो म्हणूनच ठोकळे मऊ जमिनीत रुततात, आणि पकड येते ती त्या रुतण्यातून.

या गणितात टायरची रुंदी कुठेच आलेली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भार तोच आणि दाबही तोच असेल, तर रुंद आणि अरुंद टायरच्या ठशांचे क्षेत्रफळ जवळपास सारखेच असते. फरक पडतो तो आकारात: अरुंद टायरचा ठसा लांबट होतो आणि रुंद टायरचा आखूड व पसरट. मग रुंद टायरला पकड जास्त का असते? त्याच्यात हवेला जागा जास्त असल्यामुळे दगडावर आदळल्यावर रिम जमिनीला न टेकता दाब खाली आणता येतो, म्हणून. रुंदी म्हणजे हवा कमी ठेवण्याची सवलत, असे मी समजतो. ती सवलत न वापरता २.८ इंची टायरमध्ये ४५ पीएसआय हवा भरून फिरणाऱ्याने वजन आणि पैसे दोन्ही वाया घालवले असे म्हणावे लागते, आणि असे फिरणारे थोडेथोडके नाहीत.

टायर फिरताना त्याचा जमिनीला टेकणारा भाग दर फेरीला दबतो आणि सुटतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. गुळगुळीत डांबरावर हवा जितकी कमी तितके हे दबणे जास्त, आणि म्हणून तूटही जास्त. त्यात उंच ठोकळे असतील तर डांबरावर ते मुडपतात आणि पुन्हा सरळ होतात, त्याचीही किंमत मोजावी लागते. १०० किलोच्या एकूण वजनाला टायरचा रोध वजनाच्या एक टक्का धरला, तर दर किलोमीटरला सुमारे २.७ वॅट-तास खर्च होतात. दोन टक्के धरला तर ५.४. चाळीस किलोमीटरच्या फेरीत हा फरक १०९ वॅट-तासांचा होतो. पाचशे वॅट-तासांच्या बॅटरीच्या हा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग झाला, आणि तेवढ्यात तीच सायकल आणि तोच स्वार आणखी ३०० मीटर चढ चढून वर थोडी वीज शिल्लक राहिली असती. खडबडीत वाटेवर मात्र हिशेब उलटतो. टणक टायर प्रत्येक दगडावर सबंध सायकलीला आणि स्वाराला उचलतो आणि आपटतो. मऊ टायर दगडाला पोटात घेऊन पुढे जातो. तिथे कमी हवेचा टायर आरामशीर असतोच, शिवाय वेगवानही ठरतो.

चार इंची फॅट टायर अलास्काच्या बर्फासाठी आणि वाळवंटातल्या वाळूसाठी जन्माला आले. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीने २००५ साली पग्सली नावाची सायकल बाजारात आणल्यावर ते सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोचले. बर्फात आणि वाळूत चाक रुतू नये एवढेच महत्त्वाचे असते, त्यामुळे तिथे आठ-दहा पीएसआयवर चालणारा टायर अगदी योग्य आहे. नर्मदेच्या वाळूत कोणी सायकल घालणार असेल तर त्यानेही तो जरूर घ्यावा. इंदूरहून वीस किलोमीटर डांबर तुडवून मग मुरमाच्या वाटेला लागणाऱ्याला मात्र तो बॅटरी खाणारा पाहुणा वाटेल.

माळव्याची माती हा स्वतंत्र विषय आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांचा बेसाल्ट झिजून ही काळी माती झाली आणि तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते. मेमध्ये हीच माती दगडासारखी टणक असते आणि तिला भेगा पडलेल्या असतात. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर ती कणकेसारखी चिकटते. सिमरोलच्या पुढे एका शेताच्या कडेने मी २.८ इंची टायर घेऊन असाच शिरलो होतो. शंभर पावलांतच टायरवर मातीचा थर चढला, तो पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीला घासू लागला आणि पुढचे चाक फिरेनासे झाले. पुढचा अर्धा तास बाभळीच्या काटकीने माती खरवडण्यात गेला, आणि उचलून न्यावी म्हटले तर सायकल मातीसकट तीस किलोंच्या घरात गेलेली. चिखलात टायर आणि फ्रेम यांच्यातली मोकळी जागा टायरच्या रुंदीइतकीच मोलाची असते. तिथे तुलनेने अरुंद, म्हणजे २.३ ते २.४ इंची टायर बरा. त्याचे ठोकळे उंच आणि एकमेकांपासून दूर असावेत, म्हणजे एकतर तो वरचा चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो आणि दुसरे म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाते. अर्थात पुरती भिजलेली काळी माती कोणत्याही नक्षीला दाद देत नाही. त्या दिवसांत मुरमाची वाट धरावी हेच खरे.

ओल्या डांबरावर पाणी बाहेर काढायला चरा लागतात, हा समज मोटारीच्या टायरवरून आलेला आहे. टायर पाण्यावर तरंगू लागण्याच्या वेगाचे एक सूत्र नासातल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी मांडले: दाबाचे पीएसआयमधले वर्गमूळ गुणिले ९, म्हणजे तो वेग नॉटमध्ये मिळतो. २५ पीएसआयला तो ४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर येतो. सायकलचा ठसा अरुंद आणि गोलसर असल्यामुळे तिच्या बाबतीत तो याहूनही जास्तच असणार. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीला ही भीती नाही. ओल्या रस्त्यावर टायर घसरतो तो रबर कडक असल्यामुळे आणि ठोकळ्यांच्या नक्षीत डांबराला टेकणारे रबर मुळातच कमी असल्यामुळे.

मोटरचा खरा परिणाम दिसतो मागच्या चाकावर. पॅडलपाशी बसवलेली ८५ न्यूटन-मीटरची मोटर, पुढे ३४ दात आणि मागे ५१ अशा सर्वांत हलक्या गिअरमध्ये, मागच्या चाकाच्या कडेला सुमारे ३६० न्यूटनचा रेटा देऊ शकते, आणि स्वाराच्या पायांचा जोर त्यावर वेगळा. चाकावरचा भार ५९० न्यूटन असेल, तर त्याच्या साठ टक्क्यांहून जास्त पकड लागेल. कोरड्या डांबरावर ती सहज मिळते, सुट्या मुरमाच्या चढावर मिळत नाही, आणि मग चाक जागीच फिरून खडी मागे उडवते. अशा प्रत्येक फिरण्यात ठोकळ्यांच्या कडा थोड्या थोड्या खाल्ल्या जातात. म्हणून मागे मध्यम उंचीचे, मध्यभागी दाट आणि थोड्या कडक रबराचे ठोकळे घ्यावेत. ते टिकतात आणि डांबरावर हलकेही चालतात. पुढच्या चाकाला रेटा द्यायचा नसतो, वळायचे आणि थांबायचे असते. मागचे चाक घसरले तर सावरता येते. पुढचे घसरले की बहुतेक वेळा माणूस खाली येतो. त्यामुळे पुढे मऊ रबर, उंच ठोकळे आणि दोन्ही कडांना भक्कम रांग हवी. माझ्या सायकलला सध्या पुढे २.६ आणि मागे २.४ आहे, आणि खंडवा रोडचे डांबर व त्यापुढचा मुरूम या दोहोंना ही जोडी मानवते. ७५ किलोच्या स्वाराने पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करून एकेक पीएसआयने कमी-जास्त करून पाहावे. त्यासाठी आकडे दाखवणारा मीटर हवा. अंगठ्याने दाबून २२ आणि २८ मधला फरक कळत नाही.

जड सायकलला टायरचे कापडी अस्तरही जाड लागते. पातळ अस्तराचा हलका टायर कमी दाबाला वळणावर लुळा पडतो आणि बेसाल्टच्या धारेवर बाजूने फाटतो. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायर आणि आत भोक बुजवणारा पातळ रबरी द्रव हा चांगला उपाय आहे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो द्रव लवकर आटतो आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावा लागतो. मोटर मागच्या चाकातच असलेल्या सायकलला तर हा उपाय विशेष उपयोगी, कारण तिथे पंक्चर काढायचे म्हणजे आधी मोटरची वायर सोडवायची, मग मोठ्या पान्याने नट ढिले करायचे आणि ते जड चाक फ्रेमपासून वेगळे करायचे, तेही रस्त्याच्या कडेला.

रुंदी बदलली की चाकाचा परिघही बदलतो. २७.५ बाय २.४ च्या टायरचा परिघ सुमारे २२१८ मिलिमीटर असतो आणि २.८ चा २२८१. सायकलचा संगणक फक्त फेऱ्या मोजतो, त्यामुळे नवा आकडा त्याला दिला नाही तर ताशी २५ म्हणून दिसणारा वेग प्रत्यक्षात २५.७ असतो, आणि ४० म्हणून नोंदलेले किलोमीटर ४१.१ झालेले असतात.