दिवाळीची सुट्टी: अंक दोन, फराळ पाव किलो

सभासदांना आणि फराळाच्या ग्राहकांना नमस्कार.

यंदाची दिवाळी अंक योजना वसुबारसेला सुरू होते आहे आणि गुढीपाडव्यापर्यंत चालेल. वाचनालयाला लागून असलेल्या खोलीत फराळही त्याच दिवसापासून मिळेल. दरवर्षी काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. एका वेळी दोनच अंक का? आणि फराळ किलोने का देत नाही? मागे रांग असताना उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा.

दोनच अंक का

नव्या अंकाची पानं कडेला किंचित चिकटलेली असतात. परत आलेला अंक हातात घेतला की ती कुठवर सुटली आहेत ते दिसतं आणि वाचन कुठवर झालं तेही कळतं. सुट्टी आहे म्हणून जेव्हा आम्ही गठ्ठाच देत होतो, तेव्हा अनुक्रमणिका, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य एवढीच पानं सुटून यायची. दीर्घकथा तशीच मिटलेली. एवढ्या मेहनतीने केलेला अंक न वाचता परत यावा, याचं आम्हाला वाईट वाटतं. दोन अंक नेले की ते वाचून होतात. बदलायला रोज या, एका दिवसात दोनदा आलात तरी चालेल. शिवाय एकेका अंकाच्या आमच्याकडे एक-दोनच प्रती असतात आणि चांगल्या अंकाची किंमत आता तीनशे-चारशेच्या घरात गेली आहे. प्रती फिरत्या राहिल्या तरच सगळ्यांना मिळतात.

दोन अंक निवडताना एक भारी आणि एक हलका घ्या. कथा आणि वैचारिक लेखांचा एक, विनोदाचा किंवा रहस्यकथांचा एक. सकाळी डोकं ताजं असताना पहिला, जेवणानंतर आडवं होऊन दुसरा. ‘आवाज’साठी दरवर्षी नंबर लागतात, तेव्हा नाव आधी नोंदवून ठेवा. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकातली खिडकी-चित्रं आजही घरातले थोर आणि पोरं एकाच वेळी डोकावून पाहतात. त्या खिडक्या मात्र हळू उघडा. दरवर्षी पहिली फाटते ती तीच जागा.

मुळात दिवाळी अंक एकट्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा नसतोच. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक डोळ्यांसमोर ठेवून. सणाच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाला काहीतरी मिळावं, अशी ती कल्पना. कथा, कविता, लेख, चित्रं असा तो सरंजाम आजवर टिकला आहे. पुढे मूळचे गोव्याचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि मुखपृष्ठासाठी अंक घ्यावा असं लोकांना वाटायला लागलं. आमच्याकडे त्याचे काही जुने अंक आहेत. ते घरी देत नाही, पण वाचनालयात बसून जरूर पाहा. दलालांच्या रेषा आणि रंग जवळून बघण्यात दुपार कशी जाते कळत नाही.

मुलांसाठी ‘किशोर’ आहेच. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही बालभारतीने संगणकावर मोफत वाचायला ठेवले आहेत. तुम्ही लहानपणी वाचलेला अंक मुलांना दाखवता येतो.

भाऊबीजेला घर भरलेलं असतं. त्या दिवशी एक कथा मोठ्याने वाचून पाहा. दहा-बारा पानांची कथा अर्ध्या-पाऊण तासात होते. ज्यांना आता बारीक टाइप दिसत नाही अशा आजी-आजोबांसाठी तर हे कराच. मोठ्याने वाचायला चांगल्या अशा कथा आम्ही निवडून ठेवतो. त्या अंकांवर हिरवी चिठ्ठी लावलेली असते, हवी तर मागून घ्या.

फराळ पाव किलोने का

फराळाचं दुखणं एकच, दमट हवा. डबा दिवसातून दहा वेळा उघडला की चकली मऊ पडते आणि चिवड्यातलं खोबरं आधी खवट होतं. आम्ही रोज सकाळी थोडं थोडं करतो आणि संध्याकाळपर्यंत संपवतो. तुम्ही पाव किलो न्या, संपलं की पुन्हा या. अंक बदलायला येणारच आहात.

कुठला पदार्थ आधी संपवायचा, हे लक्षात ठेवा. ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांत खाऊन टाका. रवा-नारळाचे लाडू त्यानंतर, चार-पाच दिवसांच्या आत. चकली, शेव आणि चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात दोनेक आठवडे चांगले राहतात. बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे सर्वांत शेवटी काढा, पाहुणे परतल्यावर. तेव्हाच ते जास्त गोड लागतात असं आमचं मत आहे. चकली मऊ पडलीच तर पुन्हा तळू नका, ती तेल पिते. ओव्हनमध्ये मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली की झाकणाला घाम येतो आणि सगळे कष्ट वाया जातात.

अनारशांबद्दल थोडं सविस्तर, कारण ते महाग का, असं विचारलं जातं. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून, पंच्यावर पसरून सावलीत सुकवायचे आणि अंगात थोडी ओल असतानाच दळून चाळायचे. मग किसलेला गूळ आणि तुपाचा हात लावून गोळा डब्यात मुरत ठेवायचा, निदान चार-पाच दिवस. म्हणजे तळणाच्या निदान आठ-नऊ दिवस आधीपासून काम चालू असतं. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. तो उलटायचा नाही. जाळी नीट पडली की काढून चाळणीत उभा करायचा, म्हणजे तूप निथळतं. घरी तळायची हौस असेल तर मुरलेलं पीठही आम्ही देतो. आधी एकच तळून पाहा. तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरायला लागला, तर गूळ जास्त झालाय असं समजा आणि थोडी तांदळाची पिठी मिसळून घ्या. दोन-तीनदा हात बसला की या पदार्थाइतकं समाधान दुसरा कुठला देत नाही.

आमच्या गोव्याच्या सभासदांकडे नरक चतुर्दशीला सकाळी पोह्यांचेच चार-पाच प्रकार होतात. दुधातले, ताकातले, गुळातले, बटाट्याचे. त्यांच्यासाठी लाल पोहे आणि काळा गूळ धनत्रयोदशीपासून ठेवतो. इतरांनीही अभ्यंगस्नानानंतर एक वाटी दूध-गुळाचे पोहे खाऊन पाहावेत. पहाटे रिकाम्या पोटी तेलकट खाण्यापेक्षा पोटाला सोसतात आणि नंतर अंक घेऊन बसलं की झोपही येत नाही.

अंक आणि फराळ एकत्र

हे सगळेच करतात, आम्हीही करतो. फक्त चिवडा वाटीत घेऊन चमच्याने खा. हाताने खाल्ला तर पान उलटताना बोट उमटतंच आणि गुळगुळीत कागदावर तेल लगेच पसरतं. चकली-शेवेचंही तेच. वाचताना जवळ ठेवायला शंकरपाळे सर्वांत बरे, हाताला कमी लागतात. डाग पडलाच तर घासू नका. त्यावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी अलगद झटका. बरंचसं तेल शोषलं जातं. डागासाठी आम्ही दंड घेत नाही. परत करताना सांगा, एवढंच. पानाचा कोपरा दुमडू नका. प्रत्येक अंकासोबत खुणेची पट्टी देतो, ती वापरा.

वेळा आणि इतर

लक्ष्मीपूजनाला दुपारी २ पर्यंत उघडं, दिवाळी पाडव्याला बंद, बाकी रोज सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ८. अनामत योजना संपल्यावर पूर्ण परत मिळते. स्टीलचा डबा घरून आणलात तर उत्तम. आमचा नेलात तर पुढच्या खेपेला परत आणा.

परदेशी मुला-नातवंडांना अंक आणि फराळ एकत्र पाठवायचा असेल तर निदान तीन आठवडे आधी कळवा. पार्सलात कोरडेच पदार्थ घालतो. ओल्या नारळाचं आणि खव्याचं काहीही पाठवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. कुठल्या देशात काय चालतं ते आधी तुमच्या माणसांकडून विचारून घ्या.

गुढीपाडव्यानंतर सुस्थितीतले अंक निम्म्या किमतीत विकतो. एखादा अंक वाचून फारच आवडला आणि घरी ठेवावासा वाटला तर तो परत करतानाच सांगा. आत पेन्सिलीने तुमचं नाव घालून ठेवू.