एसईपी आणि आयईपी: एकाच वर्षी सुरू झालेले तत्त्वज्ञानाचे दोन कोश

गूगलवर तत्त्वज्ञानातला कुठलाही मोठा विषय शोधा, विकिपीडियाच्या आसपास दोन कोश हमखास दिसतात: ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ आणि ‘इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही फुकट, दोन्ही १९९५ साली सुरू झालेले. दोन्हीकडचे लेख अभ्यासक लिहितात आणि दुसरे अभ्यासक तपासतात. त्यामुळे ‘नेटवरच्या त्या एन्सायक्लोपीडियात वाचलं’ एवढंच लोक सांगतात आणि कुठला ते गुलदस्त्यातच राहतं. सोयीसाठी त्यांना एसईपी आणि आयईपी म्हणू.

एसईपी स्टॅनफर्ड विद्यापीठातला, एडवर्ड झाल्टा यांनी सुरू केलेला. पहिल्यांदा नेटवर आला तेव्हा त्यात जेमतेम दोन नोंदी होत्या, आज दीड हजाराच्या वर आहेत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी त्याच्यासाठी निधी उभा केला. आयईपी जेम्स फीझर यांचा. तो टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन इथल्या शाखेच्या पत्त्यावर चालतो आणि ब्रॅडली डाउडन हे त्याचे दुसरे मुख्य संपादक. तिथला कारभार स्वयंसेवकांच्या जिवावर.

स्टॅनफर्डचं वजन बघून आयईपीला दुय्यम समजणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. खरा फरक आहे तो लेखकाने समोर कोण वाचक धरलाय यात.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ झीनोचे विरोधाभास घ्या. त्यातला एक असा: कासवाला थोडी आघाडी दिली तर वेगवान धावपटू अकिलीस त्याला कधीच गाठू शकणार नाही, कारण तो कासवाच्या जागी पोचेपर्यंत कासव आणखी थोडं पुढे सरकलेलं असतं. आयईपीवर या विरोधाभासांवरचा लेख खुद्द डाउडन यांचा आहे. आज बहुतेकांना मान्य असलेलं, कॅल्क्युलसवर (गणितातल्या कलनशास्त्रावर) उभं असलेलं एक उत्तर आहे हे ते आधीच सांगून टाकतात. त्याला ते ‘स्टँडर्ड सोल्यूशन’ म्हणतात आणि ते हाताशी ठेवून एकेक विरोधाभास सोडवायला घेतात. नवख्या वाचकाच्या पायाखाली जमीन राहते.

एसईपीवरच्या याच विषयाच्या लेखात निक हगेट वेगळ्या वाटेने जातात. झीनोचं स्वतःचं लिखाण जवळजवळ उरलेलंच नाही, तो आपल्याला कळतो मुख्यतः अ‍ॅरिस्टॉटल आणि त्याचा भाष्यकार सिम्प्लिशियस यांच्याकडून, इथून सुरुवात. मग ‘अनेक वस्तू आहेत’ या समजुतीवरचे विरोधाभास, आणि मग कुठे गतीचे. अकिलीस भेटायला बरंच खाली स्क्रोल करावं लागतं. पण अनंत पदांची बेरीज ठरावीक येऊ शकते, एवढं सांगून हगेट सुटका करून घेत नाहीत. अशा बेरजेला अर्थ कसा द्यायचा आणि तेवढ्याने झीनोचं खरंच समाधान होतं का, हे ते खोदत बसतात. पहिल्यांदाच वाचणाऱ्याचा इथे दम निघतो, दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला हेच हवं असतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी आयईपी, मग एसईपी. आयईपी म्हणजे छोटं आणि सोपं असं मात्र नाही, डाउडन यांचा हा लेखही चांगलाच लांबलचक आहे. भारतीय दर्शनांसाठीसुद्धा दोन्हीकडे डोकवावं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन दोन्हीकडे आहे: आयईपीवर डग्लस बर्गर यांचा लेख, एसईपीवर यान वेस्टरहॉफ यांचा. (इंग्रजीच जड जात असेल तर मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांच्या नोंदी वाचा. भाषा घोटीव आहे, पण विचार स्वच्छ.)

एसईपीचा पसारा लेखाच्या तळाशी जास्त उपयोगी पडतो. तिथे लांबच लांब संदर्भसूची असते, संबंधित नोंदींचे दुवे असतात आणि तिथून थेट फिलपेपर्सवर, म्हणजे तत्त्वज्ञानातल्या लेख-पुस्तकांच्या ऑनलाइन सूचीवर, जाता येतं. प्रबंध लिहिणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

संदर्भ द्यायची वेळ आली की आणखी एक फरक आडवा येतो. एसईपीची नोंद बदलत राहते, कधी लेखकही बदलतात. ‘फ्री विल’ (इच्छास्वातंत्र्य) ही नोंद २००२ मध्ये टिमोथी ओ’कॉनर यांच्या एकट्याच्या नावावर होती, २०१८ च्या आवृत्तीत क्रिस्टोफर फ्रँकलिन सहलेखक झाले. म्हणून एसईपी दर तीन महिन्यांनी सगळ्या कोशाची एक प्रत गोठवून ठेवतो. संदर्भ द्यायचा तो त्या प्रतीचा, म्हणजे तुम्ही उद्धृत केलेलं वाक्य पाच वर्षांनीही तिथेच सापडेल. आयईपीच्या बाबतीत लेखाच्या नावासोबत आपण तो कुठल्या तारखेला पाहिला हे लिहावं, आणि वाक्य महत्त्वाचं असेल तर पानाची पीडीएफ काढून ठेवावी.