झोमॅटोची ‘इटर्नल’ झाली, मग नाशिकचे हॉटेलवाले नाक का मुरडतात?

9 एप्रिल 2025 पासून शेअर बाजारात ‘झोमॅटो’ या नावाने व्यवहार थांबले आणि त्याच जागी ‘इटर्नल’ आलं. कंपनीचं नाव कागदोपत्री 20 मार्चलाच बदललं होतं. डिमॅट खातं असलेल्यांना आपल्या यादीत हे कुठलं नवं नाव घुसलं असा क्षणभर प्रश्न पडला असेल. ज्यांचा संबंध फक्त जेवण मागवण्यापुरता, त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही. ॲप झोमॅटोच, लाल टी-शर्टही तोच. तरीही कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या हॉटेलवाल्यांकडे विषय काढला की पहिली प्रतिक्रिया येते ती नाक मुरडण्याची. ती समजून घ्यायची तर जरा मागे जावं लागतं.

या कंपनीने आपलं नाव बदलण्याची ही पहिली वेळ नाही. 2008 मध्ये दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा यांनी दिल्लीत ती सुरू केली तेव्हा नाव होतं ‘फूडीबे’. काम साधं होतं: हॉटेलांची मेन्यू कार्डं स्कॅन करून इंटरनेटवर टाकायची. 2010 च्या शेवटी तिचं ‘झोमॅटो’ झालं. त्या वेळी कुणी भुवई उंचावली नाही, कारण हॉटेलवाल्याकडून काही कापून घेतलं जात नव्हतं. उलट फुकटात जाहिरात होत होती.

खटके उडायला लागले ते पुढे, आणि त्यातही नावांचा खेळ होताच. 2017 च्या अखेरीस ‘गोल्ड’ आलं. वर्गणी भरलेल्या ग्राहकाला एका पदार्थावर दुसरा मोफत, आणि त्या दुसऱ्या पदार्थाचा खर्च हॉटेलच्या माथी. ऑगस्ट 2019 मध्ये गुरुग्रामपासून ‘लॉगआउट’ मोहीम सुरू झाली, देशभरातली शेकडो हॉटेलं या योजनेतून बाहेर पडली. 2020 मध्ये ‘गोल्ड’चं ‘प्रो’ झालं. जानेवारी 2023 मध्ये पुन्हा ‘गोल्ड’. माझ्या मते आजच्या संशयाचं मूळ ‘इटर्नल’मध्ये कमी आणि या ये-जा करणाऱ्या नावांत जास्त आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला प्रत्येक नव्या नावासोबत एक नवा करार वाचावा लागतो, आणि सवलतीतला आपला वाटा किती हे त्यात शोधावं लागतं.

प्रत्येक ऑर्डरमागे कापलं जाणारं कमिशन आणि बड्या साखळ्यांना मिळणारी झुकती वागणूक यांबद्दल हॉटेलचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. एप्रिल 2022 मध्ये आयोगाने झोमॅटो आणि स्विगी या दोघांच्याही चौकशीचा आदेश दिला. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर ऑगस्ट 2023 मध्ये प्रत्येक ऑर्डरवर 2 रुपये ‘प्लॅटफॉर्म फी’ सुरू झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये, ऐन सणात, ती 10 रुपयांवर गेली. नाशिकसारख्या शहरात, जिथे रविवारी सकाळी मिसळ खायला माणसं घरच्यांना गाडीत घालून मखमलाबादच्या दिशेने निघतात, तिथे असल्या वाढत्या फीचा हिशेब तोंडावर असतो. (तर्री वेगळ्या पिशवीत बांधून आलेली मिसळ ही मिसळ असते का, हा वाद इथे नको.)

मग 2025 चं नामांतर नेमकं कशासाठी? त्याचं उत्तर जेवणात नाही, किराण्यात आहे. ‘ग्रोफर्स’ नावाच्या, घरपोच किराणा देणाऱ्या कंपनीने डिसेंबर 2021 मध्ये स्वतःचं नाव ‘ब्लिंकिट’ केलं, आणि पुढच्याच वर्षी झोमॅटोने ती विकत घेतली. तेव्हापासून कंपनीच्या आत ‘इटर्नल’ हे नाव वापरात होतं, असं गोयल यांनी 6 फेब्रुवारी 2025 च्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं. झोमॅटोखेरीज दुसरा एखादा धंदा कंपनीच्या भवितव्याचा महत्त्वाचा आधार झाला की हे नाव जाहीर करायचं, असं ठरलं होतं. म्हणजे छत्री एक आणि तिच्याखाली चार धंदे: झोमॅटो, ब्लिंकिट, तिकिटं विकणारं ‘डिस्ट्रिक्ट’ आणि हॉटेलांना कच्चा माल पुरवणारं ‘हायपरप्युअर’. याच्या दीडेक महिना आधी, डिसेंबर 2024 मध्ये, कंपनी सेन्सेक्सच्या तीस कंपन्यांत जाऊन बसली होती. गुंतवणूकदारांना हे सगळं नीट कळतं.

गंमत म्हणजे प्रतिस्पर्ध्याने नेमकं उलट केलं. स्विगीची मूळ कंपनी ‘बंडल टेक्नॉलॉजीज’. बाजारात उतरण्याआधी, 2024 मध्ये, तिने ते नाव टाकून ‘स्विगी’ हेच धारण केलं. लोकांना माहीत असलेलं नाव एकाने अंगावर घेतलं, दुसऱ्याने कंपनीच्या पाटीवरून उतरवून फक्त ॲपवर ठेवलं.

नाशिककरांना सरकारी नाव आणि बोलण्यातलं नाव वेगळं असण्याचं नवल नाही. महापालिकेच्या दफ्तरी ‘नवीन नाशिक’ विभाग आहे, पण रिक्षावाल्याला सगळे ‘सिडको’च सांगतात. झोमॅटोचंही तसंच होईल यात शंका नाही. पण हॉटेलवाल्यांची कुरकुर उच्चाराबद्दल नाहीच. ज्या कंपनीच्या ऑर्डरवर आपल्या स्वयंपाकघराचं निम्मं वेळापत्रक चालतं, तिच्यासाठी आपण आता चारांतला एक धंदा आहोत, ही गोष्ट त्यांना पाटीवरून वाचायला मिळाली. त्यात चौथा धंदा तर त्यांनाच कांदे-पनीर विकणारा. सिडकोतल्या किराणा दुकानदाराला मात्र यात आणखी वेगळं काही दिसतं, आणि ते जास्त धास्तीचं आहे.

त्याची धास्ती आकड्यांत उतरायला वेळ लागला नाही. एप्रिल ते जून 2025 या तिमाहीत ब्लिंकिटवरून झालेल्या ऑर्डरींचं निव्वळ मूल्य पहिल्यांदाच जेवणाच्या ऑर्डरींपेक्षा जास्त भरलं. जानेवारी 2026 मध्ये गोयल यांनी समूहाचं मुख्य कार्यकारीपद सोडत असल्याचं जाहीर केलं. ते पद गेलं ब्लिंकिटच्या अलबिंदर धिंडसांकडे.