रिडन्डन्सीची तारीख ढकलली म्हणजे भरपाई बुडाली?

ब्रिटनमधल्या आपल्या नोकरदार मंडळींत एक समज घट्ट बसलाय: कंपनीने रिडन्डन्सीची (म्हणजे पदच रद्द झाल्याने नोकरी जाण्याची) तारीख पुढे ढकलली की मुकाट थांबायचं, नाहीतर भरपाई गेली. तसं नाही. ‘शेवटचा दिवस 31 मार्च’ अशी नोटीस हाती पडली असेल, तर ती जूनपर्यंत लांबवायला तुमची संमती लागते. नकार दिलात तर नोकरी 31 मार्चलाच संपते, आणि ती कंपनीनेच संपवलेली धरतात. (कंपनीने देऊ केलेली योग्य नोकरी विनाकारण नाकारलीत, तर मात्र भरपाई अडकू शकते. शिवाय सलग 2 वर्षं नोकरी झालेली हवी.)

खरी गोची वेगळीच. ‘तुमचं पद धोक्यात आहे’ एवढंच सांगणारं, तारीख नसलेलं पत्र म्हणजे नोटीस नव्हे. त्यावर वैतागून राजीनामा दिलात, तर बहुतेक वेळा भरपाईवर पाणी सोडावं लागतं.