जुन्या ठाण्यातली नामवंत माणसं

जुनं ठाणं म्हणजे ढोबळमानाने स्टेशनच्या पश्चिमेला तलावपाळी, टेंभी नाका, चरई, खारकर आळी, नौपाडा, पाचपाखाडी हा सगळा पट्टा. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहायच्या आधी ठाणं म्हटलं की एवढंच डोळ्यासमोर यायचं. इथे राहून गेलेल्या माणसांची नावं काढायला बसलं की लगेच लक्षात येतं, यातले बरेच जण मूळचे ठाण्याचे नाहीतच, कोणी सांगलीकडचा, कोणी साताऱ्याकडचा, पण नाव झालं ते इथे, आणि मग ठाणेकरांनी त्यांना असं काही आपलं केलं की मूळ गाव कुठलं हे विचारायचंच राहून गेलं.

याला मोठा अपवाद म्हणजे आनंद दिघे, ते टेंभी नाक्याचेच. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख, स्वतः एकही निवडणूक लढवली नाही, तरी जिल्ह्यात कोणाला तिकीट मिळणार हे बऱ्याचदा त्यांच्या शब्दावर ठरायचं. टेंभी नाक्यावरच्या 'आनंद आश्रमा'त त्यांचा दरबार भरायचा, घरभाड्याची भांडणं, नवरा-बायकोचे तंटे, अॅडमिशन, हॉस्पिटलचं बिल, काहीही घेऊन लोक यायचे आणि रात्री उशिरापर्यंत रांग असायची. टेंभी नाक्याची नवरात्र आणि दहीहंडी त्यांनीच मोठी केली. हे सगळं खरं, पण दुसरी बाजूही सांगायला हवी, 1989 मध्ये नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला त्या प्रकरणात दिघेंना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली होती, नंतर ते जामिनावर सुटले. 26 ऑगस्ट 2001 ला अपघातानंतरचे उपचार चालू असताना हार्ट अटॅकने ते गेले आणि चिडलेल्या जमावाने ते हॉस्पिटलच पेटवून दिलं. आजही ठाण्यात कुठल्याही पक्षाचा बॅनर असो, दिघेंचा फोटो लावायचा मोह सहसा कोणाला आवरत नाही.

दिघेंच्या तालमीतलं सगळ्यात मोठं नाव एकनाथ शिंदे. जन्म 1964 चा, मूळ गाव महाबळेश्वर तालुक्यातलं दरे. ते राहायचे वागळे इस्टेटजवळच्या किसननगरात, म्हणजे काटेकोर बघितलं तर जुन्या ठाण्याच्या हद्दीबाहेर, पण राजकारण शिकले ते टेंभी नाक्यावर, म्हणून इथे घेतलं. रिक्षा चालवली, 1997 मध्ये नगरसेवक झाले, 2004 मध्ये आमदार, आणि 30 जून 2022 ला मुख्यमंत्री. त्यांच्या आधीच्या पिढीतले सतीश प्रधान हे ठाण्याचे शिवसेनेचे पहिले महापौर, पुढे राज्यसभेत गेले, ज्ञानसाधना कॉलेज त्यांनीच उभं केलं.

राजकारण आणि कविता एकाच माणसात बघायची असेल तर पी. सावळाराम. खरं नाव निवृत्ती रावजी पाटील, गाव सांगली जिल्ह्यातलं येडेनिपाणी. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज आणि यांचे शब्द हे त्रिकूट एकेकाळी रेडिओवर घराघरात वाजायचं, मुलगी सासरी निघाली की डोळ्यात पाणी आणणारी गाणी यांचीच. लोक त्यांना जनकवी म्हणायचे. हाच माणूस ठाण्याचा नगराध्यक्षही झाला, म्हणजे सकाळी गटार आणि पाणीपट्टी आणि संध्याकाळी गाणं, असा कवी आता कुठल्या महापालिकेत सापडणार! 1997 मध्ये ते गेले. महापालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते, सोबतच्या 'गंगा-जमुना' पुरस्काराचं नावही त्यांच्याच गाण्यावरून घेतलंय.

लिहिणाऱ्यांत सगळ्यात जुनं आणि माझ्या मते सगळ्यात कमी आठवलं जाणारं नाव वि. ल. भावे यांचं. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारं 'महाराष्ट्र सारस्वत' त्यांचं, आणि 1 जून 1893 ला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू करणाऱ्यांत तेच पुढे होते. वयाची बावीसही पूर्ण नव्हती तेव्हा. ही लायब्ररी आजही चालू आहे. नाटककार श्याम फडके ठाण्याचेच, पंचांगकर्ते दा. कृ. सोमण ठाण्याचेच, दिवाळी किंवा ग्रहण जवळ आलं की पेपरवाले फोन लावतात ते यांनाच. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये इथेच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था काढली, मानसिक आरोग्यावर मराठीत उघडपणे बोलायची सवय लागली त्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

आता जे स्वतःच्या मर्जीने राहिले नाहीत त्यांचं काय? ठाण्याचं जेल म्हणजे जुना किल्ला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी इथे ठेवलं आणि 1816 मध्ये तो निसटला, बाहेरून एका मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, गाण्यातून निरोप पोचवला असं सांगतात. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये इथे फाशी दिली. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला इथेच फासावर चढवलं. सावरकरांना 1911 मध्ये अंदमानला न्यायच्या आधी काही काळ याच जेलमध्ये ठेवलं होतं.

गंमत म्हणजे ठाण्यातली दोन मोठी नाट्यगृहं ज्यांच्या नावाने आहेत ते दोघेही या यादीत बसत नाहीत. राम गणेश गडकरी जन्मले नवसारीला आणि गेले सावनेरला, काशिनाथ घाणेकर चिपळूणचे. सावळारामांचं नाव गडकरी रंगायतनला द्यायला काय हरकत होती असं काही जुने ठाणेकर म्हणतात, पण रंगायतन झालं 1978 मध्ये आणि तेव्हा सावळाराम हयात होते, त्यामुळे तो मुद्दा टिकत नाही.

हल्ली टीव्हीवरचे बरेच मराठी कलाकार ठाण्यात राहतात, कारण मालिकांचं शूटिंग घोडबंदर रोडच्या बंगल्यांत आणि स्टुडिओंत चालतं आणि सकाळी सातची शिफ्ट असली की दादर-पार्ल्याहून येण्यात जीव जातो. पण ते राहतात तिकडे मानपाडा-कासारवडवलीच्या बाजूला, बरेचसे भाड्याने, मालिका संपली की जागाही बदलतात, त्यामुळे त्यांना जुन्या ठाण्याच्या खात्यात धरता येत नाही.