एथिक्स बोल: वेळेचे आणि वागण्याचे नियम

एथिक्स बोल ही अमेरिकेतली विद्यार्थ्यांची स्पर्धा, नीतीच्या अवघड प्रश्नांवर दोन टीमने समोरासमोर बसून बोलायची. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तत्त्वज्ञान शिकवणारे प्रा. रॉबर्ट लॅडेन्सन यांनी १९९३ मध्ये ती आपल्याच कॅम्पसवर सुरू केली, १९९७ मध्ये ती कॉलेजांसाठी देशपातळीवर गेली, आणि हायस्कूलच्या मुलांची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा २०१३ मध्ये चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पहिल्यांदा झाली. इथे मुख्यतः हायस्कूलच्या नियमांबद्दल आहे, कॉलेजचा साचा तोच फक्त बोलायला वेळ जास्त.

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेची सवय असलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो हा, की इथे अनुकूल-प्रतिकूल अशा बाजू वाटून दिलेल्याच नसतात. दोन्ही टीमचं मत एक असलं तरी चालतं, आणि मला वाटतं बाकीचे सगळे नियम ह्या एका गोष्टीतूनच निघालेत, कारण समोरच्याला पाडायचंच नसेल तर त्याचं नीट ऐकून घ्यावं लागतं.

केसेस म्हणजे प्रसंग आधीच जाहीर होतात, मुलं त्यावर काही महिने तयारी करतात. पण सामन्यात नेमकी कुठली केस येणार आणि तिच्यावर प्रश्न काय असणार हे तिथेच बसल्यावर कळतं. टीममध्ये सातपर्यंत मुलं असू शकतात, टेबलावर एकावेळी जास्तीत जास्त पाच, आणि केस जाहीर झाली की मग बदली खेळाडू नाही. घरून आणलेल्या नोट्स चालत नाहीत, केसची प्रत आणि कोरे कागद तिथेच मिळतात.

वेळेचं गणित असं. मॉडरेटरने, म्हणजे सामना चालवणाऱ्याने, प्रश्न वाचला की पहिल्या टीमला आपसात बोलायला २ मिनिटं, मग मांडणीला ५ मिनिटं. मग थोडा विचार करून दुसऱ्या टीमने ३ मिनिटं त्या मांडणीवर भाष्य करायचं, त्याला पहिल्या टीमने ३ मिनिटांत उत्तर द्यायचं, आणि शेवटी परीक्षकांची प्रश्नोत्तरं १० मिनिटं. ही प्रश्नोत्तरं फक्त मांडणी करणाऱ्या टीमशी होतात, दुसऱ्या टीमने तेव्हा गप्प बसायचं. हे झालं की नवी केस आणि भूमिका उलट. कॉलेजच्या स्पर्धेत मांडणीला १० आणि भाष्याला ५ मिनिटं असतात.

आता ५ मिनिटं ऐकायला बरीच वाटतात पण आधी भूमिका सांगायची, तिची कारणं द्यायची, आणि आपल्याशी सहमत नसलेला समंजस माणूस काय म्हणेल तेही सांगून त्याला उत्तर द्यायचं, एवढं सगळं त्यात बसवायचं असतं. हे शेवटचं राहिलं तर मांडणी अर्धवट वाटते आणि बहुतेक वेळा नेमकं तेच राहतं.

वागण्याचे नियम सगळ्यात जास्त कसाला लागतात ते भाष्याच्या ३ मिनिटांत. समजा केस अशी आहे की स्मृतिभ्रंश झालेली आजी गोळ्या घ्यायला नकार देते म्हणून घरचे तिच्या नकळत त्या खिरीत मिसळतात, आणि पहिली टीम म्हणाली हे योग्यच, तिच्या भल्याचंच आहे. दुसऱ्या टीमने इथे स्वतःचं तयार भाषण म्हणून दाखवायचं नसतं, प्रश्नांचा भडिमारही करायचा नसतो. चांगलं भाष्य साधारण असं असतं: 'तुम्ही आजीचं हित नीट मांडलंत, पण ती चांगली शुद्धीत असताना तिनेच औषधं नकोत असं सांगून ठेवलं असेल तर तुमचं उत्तर तेच राहील का?' असा एकच प्रश्न समोरच्यांना खरंच विचार करायला लावतो, आणि त्यावर पहिल्या टीमने 'हो, मग आमचं मत थोडं बदलावं लागेल' म्हटलं तर ती हार धरत नाहीत, उलट विचारपूर्वक मत बदलणं ही इथे जमेची बाजू. शाळेतल्या मुलांना हे शिकवणारी स्पर्धा मला फार मोलाची वाटते.

टीममधल्या कुणीही बोलावं पण एकावेळी एकानेच, आणि सामना चालू असताना कोचने किंवा प्रेक्षकांनी टीमला काही सुचवायचं नाही, खाणाखुणासुद्धा नाहीत.

गुण प्रत्येक परीक्षक स्वतंत्रपणे देतो, एकूण ६०. मांडणीला १५, भाष्याला १०, भाष्यावरच्या उत्तराला १०, परीक्षकांना दिलेल्या उत्तरांना २०, आणि आदराने संवाद करण्याला ५. हे ५ कमी वाटतात खरे पण चुरशीच्या सामन्यात पारडं तेवढ्यानेही फिरू शकतं. सगळ्यात मोठा वाटा त्या शेवटच्या १० मिनिटांचा, जिथे पाठांतर अजिबात उपयोगी पडत नाही. निकाल मात्र तिन्ही परीक्षकांच्या गुणांची बेरीज करून लावत नाहीत, ज्याच्या कागदावर जी टीम पुढे त्याचं मत त्या टीमला, आणि दोन मतं मिळाली की सामना जिंकला. परीक्षकाचं स्वतःचं मत टीमच्या विरुद्ध असलं तरी त्याने गुण द्यायचे ते विचार किती खोल आणि सुसंगत आहे ह्यावरच.