ऱ्हिदम अँड ब्लूजचा रॉक संगीतावरील प्रभाव

ऱ्हिदम अँड ब्लूज ही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून साधारणतः १९५५ पर्यंत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या शहरी वस्त्यांत बहरलेली नृत्यानुकूल संगीतशैली होय. रॉक अँड रोल आणि पुढे रॉक या संगीतप्रकारांची लय, वाद्यमेळ, गीतबंध व ध्वनिमुद्रणाची रीत मुख्यतः या शैलीतून घडली, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो ही घडण केव्हापासून आणि कोणत्या ध्वनिमुद्रिकेपासून मोजावी, याविषयी.

ही संज्ञा मुळात व्यापारी वर्गीकरणाची आहे. ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाने कृष्णवर्णीय श्रोत्यांत खपणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची यादी १९४२ मध्ये ‘हार्लेम हिट परेड’ या नावाने सुरू केली. १९४५ पासून तिच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्‌स’ ही संज्ञा रूढ झाली व जून १९४९ मध्ये, तेव्हा तेथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलर यांच्या सूचनेवरून, तिला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे नाव देण्यात आले. साहजिकच जंप ब्लूज (लहान वृंदांचे जलद, सॅक्सोफोनप्रधान नृत्यब्लूज), शिकागोतील विद्युत्-गिटारप्रधान ब्लूज, न्यू ऑर्लिन्सची पियानोप्रधान नृत्यगीते आणि गायकगटांची समूहगीते असे बरेच काही या एका नावाखाली आले. रॉकवरील प्रभावाचा विचार करताना यांपैकी कोणता प्रवाह अभिप्रेत आहे हे सांगणे आवश्यक असते. ते न सांगितल्यामुळे पुष्कळसे वाद विनाकारण लांबले आहेत.

पार्श्वभूमीदाखल एवढे नमूद करणे पुरे, की युद्धकाळात मोठे जॅझवृंद चालवणे परवडेनासे झाले, १९४४ पासून नृत्यगृहांवर जबर करही बसला, आणि पाच-सात वादकांचे लहान वृंद पुढे आले. लुई जॉर्डन यांचा ‘टिम्पनी फाइव्ह’ हा त्यांतील सर्वांत यशस्वी वृंद. १९५० पर्यंत त्यांच्या १८ ध्वनिमुद्रिका उपर्युक्त यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या. मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेली ही बाजारपेठ सिनसिनाटीतील किंग, लॉस अँजेलिसमधील स्पेशॅल्टी व इम्पीरियल, न्यूयॉर्कमधील अटलांटिक आणि शिकागोतील चेस या स्वतंत्र कंपन्यांनी काबीज केली.

पहिली रॉक अँड रोल ध्वनिमुद्रिका कोणती, हा प्रश्न संदर्भग्रंथांत फार चर्चिला गेला आहे. १९९२ मध्ये केवळ याच प्रश्नावर प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात पन्नास ध्वनिमुद्रिकांचा विचार केलेला आहे. रॉय ब्राउन यांनी १९४७ मध्ये गायिलेले व पुढील वर्षी वायनोनी हॅरिस यांच्या आवाजात अधिक गाजलेले ‘गुड रॉकिन टुनाइट’, फॅट्स डॉमिनो यांचे डिसेंबर १९४९ मध्ये मुद्रित झालेले ‘द फॅट मॅन’ आणि ‘रॉकेट एटी-एट’ यांचे दावे विशेष प्रबळ मानले जातात. सिस्टर रोझेटा थार्प यांच्या १९४४ च्या विद्युत्-गिटारयुक्त भक्तिगीताकडेही अलीकडे लक्ष वेधले जाते.

यांपैकी ‘रॉकेट एटी-एट’चे प्रकरण थोडे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. मार्च १९५१ च्या पहिल्या आठवड्यात आइक टर्नर यांचा वृंद क्लार्क्सडेलहून मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या मुद्रणगृहात आला. मुद्रिका चेस कंपनीने काढली आणि तीवर नाव लागले ते वृंदातील सॅक्सोफोनवादक व या गीताचे गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचे. प्रवासात गिटारवादक विली किझार्ट यांच्या ॲम्प्लिफायरला इजा झाली होती. तो मोटारीवरून पडला असे एक वृत्त सांगते, पावसात भिजला असे दुसरे. फिलिप्स यांनी लाउडस्पीकरच्या फाटलेल्या शंकूत कागद कोंबून तो तसाच वापरला. त्यातून निघालेला घोगरा, फाटका स्वर त्यांना आवडला व त्यांनी तो झाकण्याऐवजी पुढे आणला. नंतरच्या रॉक गिटारवादनात बुद्धिपुरस्सर वापरल्या गेलेल्या विकृत ध्वनीचे हे आद्य उदाहरण म्हणून वारंवार सांगितले जाते. मात्र त्या काळी इतरही गिटारवादक ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर चढवून वाजवीत, हे विसरता येत नाही. फिलिप्स स्वतः या ध्वनिमुद्रिकेला पहिली रॉक अँड रोल ध्वनिमुद्रिका म्हणत, तर टर्नर तिला ऱ्हिदम अँड ब्लूजच मानत आणि रॉक अँड रोल तिच्यामुळे अस्तित्वात आले, एवढेच म्हणत.

ब्रिटिश संगीत-अभ्यासक चार्ली जिलेट यांनी १९७० मध्ये मांडलेले मत या बाबतीत अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या मते १९५४ ते १९५६ या काळात रॉक अँड रोलच्या पाच शैली जवळजवळ परस्परनिरपेक्षपणे विकसित झाल्या : बिल हेली यांच्यासारखे उत्तरेकडील वृंद, न्यू ऑर्लिन्सचे नृत्यब्लूज, मेम्फिसचे कंट्री-रॉक, शिकागोचे ऱ्हिदम अँड ब्लूज आणि गायकगट. एकच उगम शोधण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

प्रभावाचा गाभा लयीत आहे. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा (कडक, खणखणीत आवाजाच्या लहान ड्रमचा) ठाम आघात ही रॉकची ओळखखूण ठरली. जॅझमध्ये व चर्चमधील टाळ्यांत ती पूर्वीपासून होती. परंतु न्यू ऑर्लिन्सचे ड्रमवादक अर्ल पामर यांच्या सांगण्यानुसार डिक्सिलँड या जुन्या जॅझशैलीच्या वादनात असा आघात केवळ अखेरच्या उसळत्या आवर्तनासाठी राखून ठेवत, तर ‘द फॅट मॅन’मध्ये त्यांनी तो आरंभापासून शेवटपर्यंत चालवला. दुसरा बदल मात्रेच्या विभागणीचा. ऱ्हिदम अँड ब्लूजचा रूढ ठेका ‘शफल’ होता : त्यात मात्रेचे तीन समान भाग कल्पून पहिले दोन जोडले जातात व तिसरा सुटा वाजतो, त्यामुळे चालीला झोका येतो. लिटल रिचर्ड मात्र पियानोवर उजव्या हाताने मात्रेचे दोन समान भाग ठोकत. त्यांच्याशी जुळवून घेताना आपण शफल सोडला, असे पामर यांनी नमूद केले आहे. हे संक्रमण एका दिवसात झाले नाही. चक बेरी यांच्या पन्नाशीच्या दशकातील काही ध्वनिमुद्रिकांत गिटार सरळ, द्विभागी चालीने जाते आणि बास व ड्रम अजून झोक्यातच असतात. त्या गीतांची अस्वस्थ, पुढे रेटणारी गती बऱ्याच अंशी या तणावातून येते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ल्युसिल’मध्ये सरळ विभागणी पक्की झालेली दिसते आणि साठच्या दशकानंतर रॉकचा बहुतांश ठेका तिच्यावरच उभा आहे. गायनशैली किंवा गीतविषय यांपेक्षा हा वारसा अधिक टिकाऊ ठरला, कारण ब्लूजची स्वरयोजना सोडून दिलेल्या रॉकप्रकारांतही तो कायम आहे.

बो डिडली यांच्या १९५५ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ठेका हा याहून वेगळा, स्वतंत्र वारसा. सोळा अंशांच्या चक्रात ३-३-४-२-४ अशा अंतरांनी येणारे पाच आघात हे त्याचे स्वरूप होय. क्यूबन संगीतातील क्लावे या पायाभूत लयबंधाशी ते मिळतेजुळते आहे; परंतु अंगावर थापट्या मारून गाण्याच्या ‘हॅम्बोन’ या कृष्णवर्णीय लोकपरंपरेतून ते आले, असेही मानले जाते. दोन्ही परंपरांचे मूळ आफ्रिकेत असल्याने या वादाचा निर्णय लागणे कठीण आहे. गीतात स्वरसंघात (कॉर्ड) जवळजवळ बदलतच नाही, सारे ओझे लयीवर आणि जेरोम ग्रीन यांच्या मराकास या खुळखुळ्यांवर आहे. बडी हॉली यांनी १९५७ मध्ये, रोलिंग स्टोन्सने १९६४ मध्ये व यू-टू या आयरिश वृंदाने १९८८ मध्येही हा ठेका वापरला.

सॅक्सोफोनकडील नेतृत्व गिटारकडे जाणे हा वाद्यमेळातील मुख्य बदल. जॉर्डन यांच्या १९४६ मधील ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वूमन’च्या आरंभी कार्ल होगन यांनी वाजवलेला गिटारचा तुकडा आणि बेरी यांच्या १९५८ मधील ‘जॉनी बी. गुड’चा आरंभ एकापाठोपाठ ऐकल्यास परंपरेचा हा दुवा कानालाच पटतो. बेरी यांनीही होगन यांचे ऋण मान्य केले होते. दोन तारा एकदम छेडण्याची व स्वर खेचण्याची बेरी यांची पद्धत ब्लूज गिटारवादक टी-बोन वॉकर यांच्याकडून आली. निर्मात्यांच्या पातळीवरही सातत्य होते. जॉर्डन यांची ध्वनिमुद्रणे करणारे डेक्का कंपनीचे मिल्ट गेबलर यांनीच एप्रिल १९५४ मध्ये हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुद्रित केले आणि जॉर्डन यांच्या वृंदातील पालुपदे ते हेलींच्या वादकांना गाऊन दाखवत.

गौरवर्णीय श्रोत्यांपर्यंत हे संगीत पोहोचवण्यात क्लीव्हलँड व नंतर न्यूयॉर्क येथील नभोवाणी निवेदक ॲलन फ्रीड यांचा वाटा सुपरिचित आहे. त्याचबरोबर मूळ गीते गौरवर्णीय गायकांकडून पुन्हा गाऊन घेण्याची प्रथा पडली. बिग जो टर्नर यांचे ‘शेक, रॅटल अँड रोल’ हेली यांनी १९५४ मध्येच सौम्य शब्दांत गायिले. पॅट बून यांनी डॉमिनो व लिटल रिचर्ड यांची गीते गायिली. एल्व्हिस प्रेस्ली यांचे पहिले यश आर्थर क्रूडप यांच्या १९४६ मधील गीतावर आधारलेले होते. हे प्रकरण पुष्कळदा केवळ अपहरण म्हणून मांडले जाते; प्रेस्ली यांच्या बाबतीत ते अपुरे वाटते, कारण त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत चाल व वाद्यमेळ खरोखर बदललेला आहे. क्रूडप यांना मानधनाचा न्याय्य वाटा मिळाला नाही, ही गोष्ट मात्र वेगळी व निर्विवाद आहे.

ब्रिटनमध्ये शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स यांचा १९५८ चा दौरा आणि १९६२ मध्ये ॲलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस यांनी लंडनमधील ईलिंग येथे सुरू केलेला क्लब यांनी एक पिढी घडवली. रोलिंग स्टोन्सने आपले नाव वॉटर्स यांच्या १९५० मधील ध्वनिमुद्रिकेवरून घेतले व जून १९६४ मध्ये चेसच्या शिकागोतील मुद्रणगृहात ध्वनिमुद्रणही केले. याच धारेतून क्रीम, लेड झेपलिन व एकूण हार्ड रॉक निघाला.

श्रेयाचे वाद नंतर न्यायालयात गेले. ‘होल लॉटा लव्ह’ या लेड झेपलिनच्या गीताच्या शब्दांबाबत ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी लेड झेपलिनविरुद्ध १९८५ मध्ये लावलेला दावा दोन वर्षांनी तडजोडीने मिटला. जॉन ली हुकर यांच्या ‘बूगी चिलेन’शी असलेल्या साम्यावरून झेडझेड टॉप या वृंदावर झालेल्या दाव्यात १९९५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने, १९७८ पूर्वी ध्वनिमुद्रिका विकणे म्हणजे रचना प्रकाशित करणेच, असा निर्णय दिला, त्यामुळे असंख्य जुन्या रचनांचे स्वामित्व धोक्यात आल्याने १९९७ मध्ये अमेरिकन काँग्रेसला कायदा बदलावा लागला. थकलेल्या मानधनासाठी गायिका रूथ ब्राउन यांनी दिलेल्या लढ्यातून १९८८ मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन स्थापन झाले.

भारतात या शैलीचा थेट प्रसार मर्यादित राहिला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांच्या साथीने स्विंग व जंप ब्लूजच्या वळणाचे ठेके आणले आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे हिंदीतील आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांत गणले जाते. तथापि त्यातील कोणता अंश मोठ्या जॅझवृंदांकडून व कोणता ऱ्हिदम अँड ब्लूजकडून आला, हे निश्चितपणे वेगळे काढता येत नाही.